निखाऱ्यावर पाणी

चूल म्हणजे देवता आणि देवतेच्या अंगावर पाणी ओतायचं नाही, हे हांडसुरेनच्या घरात लहान पोरालाही ठाऊक होतं. चाळीस वर्षं ती चुलीतली राख तंबूमागच्या खड्ड्यात टाकून वर माती सारत आली होती. कधी काही झालं नव्हतं.

पण त्या काळी खड्ड्याभोवती मेंढ्या चरत असत. आता तिथे गुडघाभर वाळलं गवत उभं होतं. "तळाचं कुरण राखून ठेव, वाईट हिवाळ्यात तेच जनावरं तारेल," असं दांबी मरताना म्हणाला होता. नवऱ्याचा शब्द म्हणून तिने दोन वर्षं त्या गवताला मेंढीचं तोंड लागू दिलं नाही.

शेजारचा गोंबो शरदात येऊन बजावून गेला होता. "वहिनी, दोन वर्षांचं गवत साचलंय. हे कुरण राहिलं नाही, सरपण झालंय. माझे घोडे चार दिवस सोडू दे."

"तुझ्या जमिनीचं टक्कल केलंस, आता माझ्यावर डोळा होय?" हांडसुरेन म्हणाली. गोंबो हसून निघून गेला.

वसंतात वारा सुटला. सून नोमिन राखेची बादली घेऊन दारात थबकली. "आई, आत लाल दिसतंय. थोडं पाणी घालू?"

"अग्नीवर पाणी? माझ्या घरात? माती टाक वर."

नोमिनने माती टाकली. दुपारी वाऱ्याने ती उडवली.

धूर दिसला तेव्हा ज्वाळा गवतात शिरल्या होत्या. "मेंढ्या गोंबोच्या जमिनीवर हाक!" हांडसुरेन ओरडली. तीनशे मेंढ्या त्या उघड्याबोडक्या माळावर पोचल्या, आणि आग त्याच्या काठाशी येऊन मेली. तिथे तिला खायला काहीच नव्हतं.

पण त्या आठवड्यात जन्मलेली कोकरं गवतातल्या वाड्यात होती. नोमिन धावली, दोन कोकरं काखेत मारून आली, पुन्हा वळली. हांडसुरेनने तिचा कमरपट्टा धरून तिला मागे ओढलं. सव्वीस कोकरं आत राहिली.

संध्याकाळी गोंबो ओल्या नमद्याने, लोकरीच्या जाड चटईने, उरलेले निखारे झोडपत होता. "मी सांगितलं होतं," असं तो म्हणाला नाही. म्हणाला असता तर बरं वाटलं असतं. मेंढ्या दुधाने भरलेल्या आचळांनी वाड्याकडे तोंड करून ओरडत होत्या. हांडसुरेनला आधी दांबीचा राग आला, मग स्वतःचा.

शेणाच्या गोवऱ्यांचा ढीग अजून आतून धुमसत होता. तिने पाण्याची बादली उचलली.

"आई, मी ओतते," नोमिन म्हणाली.

"नको. पाप लागलं तर मला लागू दे."

तिने बादली रिकामी केली. ढीग फुसफुसला, वाफ तिच्या तोंडावर आली. ती तिथेच उभी राहिली.

"गोंबो," ती म्हणाली, "दांबीच्या कुरणाचा टेकडीपलीकडचा तुकडा जळला नाही, तिथलं गवत अजून उभं आहे. उद्या तुझे घोडे घेऊन ये."