मशिनीपुढचं गाऱ्हाणं

क्षमाला कंठ फुटला तो नववीत. त्याआधी वर्गात हजेरी देतानासुद्धा तिचा आवाज पुढच्या बाकापर्यंत पोचत नसे. मग पेडण्यातल्या एका वक्तृत्व स्पर्धेत 'शेजारी देशांशी व्यापार' या विषयावर ती अशी काही कडाडली की पहिलं बक्षीस घेऊनच घरी आली. तेव्हापासून जी बोलत सुटली ती थांबेचना. बसमध्ये कंडक्टरशी, दारात पाव विकणाऱ्या पदेराशी, पाव दिवसेंदिवस लहान का होतात म्हणून. आई म्हणायची, हिने तोंड उघडावं म्हणून नवस केला होता, आता मिटावं म्हणून करावा लागणार.

भाषण पाठ केलं होतं राणीसमोर. राणी तिच्याच वर्गातली, क्षमाच्या घरामागच्या खोलीत भाड्याने राहणाऱ्या दिनकरकाकांची मुलगी. काका मूळचे गडहिंग्लजकडचे. तुयेच्या औद्योगिक वसाहतीत कागदी कोन बनवायच्या छोट्या कारखान्यात ते मशीन चालवायचे. गिरणीत ज्यावर सूत गुंडाळतात ते कोन. काकांच्या नखांत खळ कायमची वाळलेली असायची. राणी धुण्याच्या दगडावर बसून कागद धरायची आणि क्षमा हात उगारून गर्जायची: जो डोळे वटारतो त्याच्या मालावर कर लादा, त्याची वाट बंद करा, मग बघा कसा नाक मुठीत धरून येतो! राणी दर वेळी टाळ्या वाजवायची.

दसऱ्याला कारखान्यात मशिनीची पूजा असायची. कामगारांच्या घरची माणसं यायची, शेजारपाजार यायचा. मशिनीपुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं. एकाने सगळ्यांच्या वतीने देवाला मोठ्याने सांगायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक मागण्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. हा मान राखणदार दत्तारामआजोबांचा. त्या वर्षी नेमका त्यांचा घसा बसला. मालक प्रमोदबाब हसत म्हणाले की आपली बक्षीसवाली आहे ना, ती घालील. मुलीने गाऱ्हाणं घातल्याचं कुणी ऐकलं नव्हतं, पण क्षमा केव्हाच पुढे होऊन उभी राहिली होती.

"बा देवा रवळनाथा, आज ह्या मशिनीपुढे नारळ ठेवलो आसा, तो गोड मानून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मशीन चालती राहो झालं, कामगारांचे हातपाय धड राहोत झालं. तिथेच थांबायचं होतं. पण इतक्या माणसांचा एका तोंडाने आलेला तो 'व्हय' ऐकून तिच्या अंगात वारंच शिरलं.

"आनी जो शेजारी आमचांच खावन आमच्यारच डोळे वटारता, तेची वाट बंद कर, तेचो धंदो बसय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज दिनकरकाकांचा.

लोक हसले, टाळ्या पडल्या. शिरा वाटताना दत्तारामआजोबांनी तिला जवळ बोलावलं आणि बसक्या घशाने म्हणाले, "बाये, गाऱ्हाण्यात आपणाक बरां मागूचां, दुसऱ्याक वायट न्हय. वाट बंद कर म्हटलां तर देव खंयच्या बाजून बंद करीत, कोण सांगतलो?"

तिला हसू आलं. तिने आणखी एक मूद शिरा मागून घेतला.

उन्हाळ्यात ते सुरू झालं. इकडून बांगलादेशला दिलेली एक सवलत काढली गेली, तिकडून त्यांनी आपल्या सुताची जमिनीवरची वाट अडवली, मग आपण त्यांच्या कपड्यांची अडवली. टीव्हीवर माणसं अगदी तिच्यासारखी हात उगारून बोलत होती. क्षमा पहिल्या दिवशी चक्क नाचली. माझं भाषण दिल्लीला पोचलं गो, म्हणाली. राणीने टाळ्या वाजवल्या नाहीत.

मग कारखान्यातली एक पाळी गेली. मग दुसरी मशीन झाकून ठेवली. रिकामे कोन फाटकापर्यंत रचलेले दिसायला लागले. राणीने धुण्याच्या दगडावर बसूनच तिला सांगितलं, की हे कोन कागलच्या बाजूच्या गिरण्यांत जातात, गिरण्या त्यावर सूत भरतात आणि ते सूत बांगलादेशात जातं. बाबा चेष्टेत म्हणायचे, माझ्या कोनावर निम्मा ढाका नेसतो. आता जहाजाने पाठवायचं तर वेळ फार आणि भाडंही, म्हणून गिरण्यांनी मागणीच तोडली.

क्षमाने विचारलं, "मग तू तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तू बोलत होतीस ना," राणी म्हणाली.

मग दिनकरकाकांचंही काम गेलं आणि त्यांनी बिऱ्हाड घेऊन गावी परतायचं ठरवलं. क्षमा प्रमोदबाबांकडे गेली, मुद्दे जुळवून, भाषणासारखी तयारी करून. राणीचं दहावीचं वर्ष आहे, गावाकडे शाळा लांब, राज्य दुसरं म्हणून बोर्ड वेगळं, पुस्तकं वेगळी, वर्ष वाया जाईल. ते रागावले नाहीत. सगळं ऐकून एवढंच म्हणाले की गिऱ्हाईक आण, उद्या मशीन चालू करतो. आईने राणीला वर्षभर आपल्याकडे ठेवून घ्यायची गोष्ट काढली. दिनकरकाका मान खाली घालून म्हणाले, "वैनी, तुमचं उपकार हाईत. पर लेक दुसऱ्याच्या दारात ठिवून मी गावात भाकरी कशी गिळू?"

तुयेतल्या एका पोरीच्या गाऱ्हाण्याने सरकारं वाटा अडवत नाहीत, एवढं क्षमाला कळत होतं. पण काकांचा तो मोठा 'व्हय' काही केल्या कानातून जाईना. तो तिनेच त्यांच्याकडून म्हणवून घेतला होता.

निघायच्या सकाळी टेम्पोत भांडी, गाद्या, राणीचं दप्तर चढलं. टेम्पोपुढे नारळ ठेवला. दत्तारामआजोबांचा घसा आता बरा होता, पण त्यांनी क्षमाकडे बघितलं आणि बाजूला सरले.

"बा देवा रवळनाथा," ती म्हणाली, आणि आवाज पूर्वीसारखा, पुढच्या बाकाच्याही अलीकडे अडकला. "हेंका सुखरूप पोचय. राणीची दहावी पार पाड. आनी हंय असो की शिमेपलीकडे, कोणाचीच चूल थंड करू नको रे म्हाराजा."

कुणीच 'व्हय म्हाराजा' म्हटलं नाही. कुणाला ऐकूच गेलं नव्हतं.

"मोठ्यानं बोल की गं," दिनकरकाका म्हणाले, अगदी मायेने. "दसऱ्याला कशी बोललीस!"

तिने तोंड उघडलं. ड्रायव्हरने टेम्पो सुरू केला, काका चढले. टेम्पो वळणावर पोचला तेव्हा मागच्या गाद्यांवर बसलेल्या राणीचे ओठ हलताना दिसले. ती 'व्हय' म्हणाली की आणखी काही, ते इंजिनाच्या आवाजात क्षमाला ऐकू आलं नाही.