होडीच्या कादंबरीचा पहिला भाग

…आणि ऊन लागून फळ्या फाकू नयेत म्हणून त्याने होडी पालथी घातली. समुद्र तिथून फार लांब होता.

*

टॉवेलच्या दोन्ही बाजूंना धाग्याचे बारीक वेढे असतात. सुलट बाजू कुठली, हे विणणाराही सांगू शकत नाही.

*

सूचना : शनिवारी वाचन कट्टा. प्रत्येकाने पाच मिनिटे बोलावे. नेटवरचे पाठ करून येऊ नये.

*

बिलाल इंग्रजीच्या तासाला झोपला आहे. त्याच्या केसांत कापसाची तूस आहे.

*

अजिंक्यचा फोन वाजतो. वाजत राहतो.

*

"पुस्तकात ते पोरगं परत येतं का?"

*

हा शेवटचा प्रश्न बजाबाईंचा. त्या अजिंक्यच्या आई. बुधवारी दुपारी कॉलेजच्या फाटकापाशी येऊन उभ्या राहिल्या होत्या. हातात डबा नव्हता, पिशवी नव्हती. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कडा शिवायचं काम त्या करतात, आणि त्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकून आल्या होत्या.

समोर तिघं होती. सबिहा, अपेक्षा, बिलाल. चौथा अजिंक्य. तो सोमवारी सकाळी पुण्याला गेला, घरात कुणाला न सांगता. दुपारी बहिणीच्या फोनवर एक ओळ आली : मी पुण्यात आहे, काळजी करू नका. त्यानंतर त्यानं घरचा फोन उचलला नाही.

"रविवारभर पुस्तक वाचत बसला हुता," बजाबाई म्हणाल्या. "जेवताना बी. मी म्हनलं, काय हाय रं त्यात? म्हनला, एक मानूस होडी बांधायला घर सोडून जातो. आनि सोमवारी ह्योच गेला. आता तुमीच सांगा, ते पुस्तक तुमी बी वाचलंय न्हवं?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

वाचलं होतं. पण तसं नव्हतं.

*

काय झालं होतं ते असं.

मल्लिकार्जुन सरांनी वाचन कट्ट्यासाठी जी कादंबरी निवडली तिची ग्रंथालयात एकच प्रत होती. जिल्हाभर समुद्र नसलेल्या मुलुखातला हरबा होडी बांधायचं स्वप्न बघतो, अशी ती कादंबरी. नाव जरा लांबलचक आहे, म्हणून सगळे तिला होडीची कादंबरी म्हणत. चौघांना शनिवारी बोलायचं होतं, आणि एका प्रतीवर चौघं कसे वाचणार?

तोडगा अजिंक्यचा. तो रात्रपाळीला टॉवेलचे दोन यंत्रमाग चालवायचा आणि सकाळी कॉलेजला यायचा. "माग काय करतो?" तो म्हणाला. "बंद राहतो का? एक उठला की दुसरा बसतो. पुस्तक पण पाळीनं चालवायचं. चार भाग, चार माणसं, एकही पान रिकामं बसणार नाही."

बिलालचे अब्बा पुस्तकं बांधतात. बिलालनं घरी नेऊन शिवण अलगद उसवली, चार गठ्ठे केले, प्रत्येकाला जुन्या पत्रिकेचा पुठ्ठा लावला. अब्बांनी बघितलं आणि विचारलं, "किताब है के मटण है?" मग म्हणाले, शनिवारच्या आत आणून द्या, शिवून देतो, तुमच्या सरांना कळणारही नाही.

पहिला भाग अजिंक्यला. दुसरा अपेक्षाला, तिसरा बिलालला, चौथा सबिहाला. मंगळवारी अदलाबदल.

मंगळवारी अजिंक्य नव्हता. पहिला भागही नव्हता.

ज्या माणसानं सुरुवात वाचली होती तो सुरुवात घेऊनच गेला, आणि मागं राहिलेल्या तिघांत असा एकही नव्हता ज्याला हरबा मुळात निघाला कशाला हे ठाऊक होतं.

*

"परत येतो की," बिलाल बजाबाईंना म्हणाला. त्याच्याकडं भाग तीन. "माझ्या भागात तो गावातच आहे, मावशी. दारात होडी बांधतोय. लोक हसतात त्याला."

"येत नाही," सबिहा म्हणाली. तिच्याकडं भाग चार. "होडी चार बैलगाड्यांवर घालून नेतो. शेवटच्या पानावर समुद्रात ढकलतो. संपलं."

"माझ्यात त्याचं अजून ठरतंय," अपेक्षा म्हणाली. अपेक्षा वैरागची, वसतिगृहात राहते. "तो बंदरावर होड्या खरवडतो. शिंपल्या चिकटलेल्या असतात ना बुडाला, त्या. रोज म्हणतो, जावं का घरी."

बजाबाईंनी तिघांकडं आळीपाळीनं पाहिलं.

"एकाच पुस्तकात?"

"एकाच."

"मग लिवनाऱ्याला तरी ठावं हाय का?"

बिलाल हसला. बजाबाई हसल्या नाहीत. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं. मागाच्या कारखान्यात एक रीत आहे : गैरहजर माणसानं आपला बदली द्यायचा. अजिंक्यनं दिला नव्हता, म्हणून सोमवारपासून बिलालच उभा राहत होता, दोस्तीखातर. पण बदली किती दिवस चालणार? जॉबर शिवयोगी, म्हणजे माग दुरुस्त करणारा आणि कुणाला कुठला माग द्यायचा ते ठरवणारा, त्यानं बजाबाईंना गाठून सांगितलं होतं : शनिवारपर्यंत मी थांबतो. येणार असेल तर जागा ठेवतो. नसेल तर तसं सांगा. पण तुमच्या तोंडून सांगा.

दोन माग एकदा गेले की पुन्हा मिळत नाहीत. अजिंक्यचे वडील भीमा वर्षभर त्या शिवयोगीच्या मागं लागले होते, तेव्हा ते मिळाले.

"माझ्यावर आलंय," बजाबाई म्हणाल्या. "अजिंक्यचा बा म्हनतो, तूच बघ. पोरगं फोन उचलना. मग म्हनलं, पुस्तकाला तरी इचारावं."

*

भाग दोन, अपेक्षानं वाचून दाखवलेला तुकडा :

"बंदरावरच्या सगळ्यांना कुठून ना कुठून निरोप येत. हरबाला एकदाही आला नाही. तो म्हणे, आमच्याकडे निरोप पाठवायची पद्धत नाही."

भाग तीन, बिलाल :

"घराला कुलूप होते. त्याने ते फोडले नाही. ओट्यावर झोपला."

बजाबाई मध्येच : "कुलूप का? त्याची आई कुटं गेली?"

बिलालनं पानं चाळली. पुढं, मागं. आई नव्हती.

"मेली असणार," बिलाल म्हणाला.

"मेली असती तर लिहिलं असतं," अपेक्षा म्हणाली. "मेलेल्या आईवर लेखक एक पान तरी घालवतोच."

"चौथ्यात?"

"चौथ्यात होडीला एका बाईचं नाव आहे," सबिहा म्हणाली. "आईचं की बायकोचं, लिहिलेलं नाही. मी बायकोचं धरून चालले होते."

"तू धरणारच."

"गप रे. तुझ्या भागात बायको आहे का?"

"माझ्या भागात बाईच नाही. नुसते सुतार."

शनिवारी सर विचारणार होते, हरबानं बरोबर केलं का. फाटकापाशी उभ्या उभ्या तिघांच्या लक्षात आलं, की आई कुठं गेली हे कळल्याशिवाय त्याचं उत्तर देताच येत नाही. ती मागं एकटी राहिली की आणखी काही झालं? उत्तर पहिल्या भागात. पहिला भाग पुण्यात.

आणि अपेक्षाच्या तोंडून सहज निघून गेलं, "अजिंक्यचं स्वप्न काय होतं गं?"

सबिहाला माहीत नव्हतं. बिलाल सोमवारपासून त्याचे माग चालवत होता, त्यालाही माहीत नव्हतं. रोज एका बाकावर बसून चौघं हरबाच्या होडीबद्दल भांडली होती.

तिघांनी बजाबाईंकडं पाहिलं.

"मला इचारू नका," त्या म्हणाल्या. "मला वाटलं तुमाला सांगितलं आसंल."

*

भाग एक (फोनवर)

अजिंक्य घरचा फोन उचलत नव्हता, पण अपेक्षाचा उचलला. तिनं आधी एक शिवी दिली आणि मग कामाचं बोलली. सुरुवात तुझ्याकडं आहे, शनिवारी आम्ही काय सरांचं तोंड बघायचं का? वाचून दाखव.

गुरुवारी संध्याकाळी, बजाबाईंच्या घरात, पत्र्याच्या डब्यावर फोन ठेवला. स्पीकर चालू. बजाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी आधीच बजावलं होतं, मी हाय म्हनून सांगायचं न्हाय.

अजिंक्य वाचायला लागला. त्याचा वाचायचा आवाज बोलण्याच्या आवाजापेक्षा हळू निघाला. मागच्या बाजूला कसलीशी घासल्याची खसखस येत होती.

"आईने विचारले, होडी म्हणजे काय? हरबाने सांगून पाहिले. पाण्यावर चालणारे लाकूड. आई म्हणाली, ओंडकाही पाण्यावर चालतो. मग त्याने चुलीतली राख पसरून तिच्यात बोटाने होडी काढली. आई वाकून बघत राहिली. म्हणाली, ही तर आपली काठवट. त्याने सांगितले, काठवटच, पण माणूस मावेल एवढी. आई म्हणाली, मग जा. आणि तू गेलास की मीही भावाकडे जाईन, मी एकटी इथे कुणाची भाकरी थापू?"

"भावाकडं!" बिलाल ओरडला. "म्हणून कुलूप!"

"शानी बाई," बजाबाई म्हणाल्या. आणि मग त्यांना राहवलं नाही. "म्हंजे त्यानं आईला सांगितलं व्हतं."

खसखस चालू होती. अजिंक्यचा आवाज थांबला.

"आई?"

"पुस्तकातल्यानं सांगितलं व्हतं की रं. राखंत चित्र काढून सांगितलं. तू हेच वाचलंस ना रविवारी?"

"व्हय."

"आनि तरी?"

अपेक्षानं फोन बंद करायला हात पुढं केला. सबिहानं तो धरला.

"सांगितलं असतं तर तू जाऊ दिलं नसतंस," अजिंक्य म्हणाला.

"तुला काय ठावं? इचारलंस का?"

पुण्यात कुणीतरी खोकलं.

"ते खसखस काय वाजतंय?" बजाबाईंनी विचारलं.

"काच."

"कसली?"

"काचेवर काच घासतात. मधी पाणी आणि बारीक वाळूसारखी भुकटी. काच पिंपावर ठेवून सारखं घासायचं, आणि पिंपाभोवती फिरायचं."

"फुटत न्हाय?"

"न्हाय. वरची काच मधनं खोल होत जाते. तिचा आरसा होतो. दुर्बिणीचा."

"आरशात तोंडच दिसतं की."

"ह्यात चंद्रावरचे खड्डे दिसतात, आई. इथं एक सर शिकवतात. दिवसा कुरियरच्या गोडाऊनमध्ये आहे मी, संध्याकाळी हितं."

बजाबाई पुढं सरकल्या. फोनच्या अगदी जवळ तोंड नेऊन, जसं काही तो तिथं डब्यात बसलाय, त्यांनी विचारलं, "किती खोल करायची ती काच?"

"लई थोडी. पुठ्ठ्याच्या जाडीएवढीच."

"आनि त्याला किती दिस?"

"महिने लागतात. चुकलं की पुन्हा पहिल्यापासनं."

"तू कितव्यांदा?"

"दुसऱ्यांदा," अजिंक्य म्हणाला, आणि पहिल्यांदाच हसला.

तिघंही हसली. बिलाल म्हणाला, "तिकडं आरसे घासतोयस, आणि हितं मी तुझे माग हाकतोय, त्याचं काय? मला तासाला झोप लागते, सरांनी खडू मारला काल."

"बिलाल, बघ, मी…"

"ऱ्हाऊ दे," बजाबाई म्हणाल्या. "शिवयोगीला काय सांगू ते सांग. शनिवारी इचारनार हाय. येतोस का न्हाय?"

काच थांबली. बहुतेक त्यानंच शेजारच्याला थांबवलं असावं.

"तूच सांग, आई. तू म्हणशील तसं."

"आसं न्हाय," बजाबाई म्हणाल्या. "म्होरलं वाच."

तो वाचायला लागला. भाग संपेपर्यंत वाचलं. हरबा निघतो ते पानही त्यानं टाळलं नाही.

*

शनिवारी कट्ट्यावर सरांनी विचारलं, हरबानं बरोबर केलं का.

सबिहा म्हणाली, मी शेवटापासून वाचायला लागले, त्यामुळं मला तो आधीच जिंकलेला वाटत होता. पहिला भाग कळल्यावर मला त्याच्यापेक्षा त्याच्या आईबद्दल जास्त विचारावंसं वाटतं. ती भावाकडं जाऊन काय करत होती? तिचं काय स्वप्न होतं? लेखक सांगत नाही. अपेक्षा म्हणाली, हरबा स्वप्नाच्या मागं गेला असं सगळे म्हणतात, पण माझ्या भागात तो नुसत्या शिंपल्या खरवडतो, पानंच्या पानं, आणि स्वप्न हा शब्द एकदाही येत नाही. बिलाल झोपला होता.

सर म्हणाले, पुस्तकाची शिवण जरा सैल वाटते. पहिल्या भागाच्या जागी झेरॉक्स कागद होते. अजिंक्यनं पानांचे फोटो पाठवले होते.

*

संध्याकाळी रात्रपाळीचे लोक सायकली लावत होते. बजाबाई शेडच्या दाराशी उभ्या होत्या. आतून मागांचा आवाज येत होता, त्यामुळं ओरडूनच बोलावं लागलं.

"द्या दुसऱ्याला!"

"काय?" शिवयोगी बाहेर आला. हाताला ग्रीस होतं.

"माग. दुसऱ्याला द्या. न्हाय यायचा त्यो."

"त्यानं सांगितलं?"

"त्यानं माझ्यावर टाकलं. मी सांगते." त्या एक पाऊल पुढं आल्या. "काच घासायला लई महिने लागत्यात. मधीच सोडली तर वाया जाती."

शिवयोगीनं कसली काच, असं विचारलं नाही. त्यानं कापडाला हात पुसले. "घरात काय म्हणतील?"

"म्हनतील ते म्हनू द्या. त्यांनी बी माझ्यावरच टाकलं व्हतं."

"बिलालला देऊ का?"

"त्यालाच इचारा. न इचारता देऊ नका."

बिलाल म्हणाला, आजची पाळी करतो, उद्यापासून नको. शिवयोगीनं मान हलवली, शेडमध्ये गेला, आणि कुणाला तरी हाक मारली. बजाबाई आवाज ऐकत जरा वेळ उभ्या राहिल्या, मग घराकडं निघाल्या.

*

सोमवारी सकाळी पुण्यात उतरल्या उतरल्या अजिंक्यनं शिवयोगीला फोन करून सांगितलं होतं, की मी परत येणार नाही. आईच्या तोंडून ऐकल्याशिवाय माग दुसऱ्याला द्यायचे नाहीत, म्हणून शिवयोगीनं ते कुणाला सांगितलं नव्हतं.