सहाणेवरचा काळा वेढा

मित्रांनो, तुमच्यापैकी ज्यांनी ज्यांनी तान्हेपणी कडू गुटी आईच्या पदरावर थुंकली असेल, त्यांची आणि माझी जुनी ओळख आहे. मी गुटी उगाळायची सहाण. सध्या सोलापुरातल्या एका चाळीत दाराला टेकण म्हणून पडून असते. येता-जाता पोरांना माझी ठेच लागते आणि वर शिव्याही मलाच मिळतात. दगडाला काय, सगळं चालतं.

पण मी नेहमीच अशी पायदळी नव्हते. एका पाथरवटाने मला काळ्या दगडातून घडवलं आणि गड्ड्याच्या यात्रेत विकायला मांडलं. तिथे म्हाळसाबाईने मला उचललं. ओला तळवा फिरवून पाहिला, टिचकी मारून आवाज ऐकला आणि म्हणाली, "दगुड कुळाचा हाय." माझं असं कौतुक त्याआधी कुणी केलं नव्हतं. मी लगेच तिची झाले.

म्हाळसाबाई मूळची मेंढरामागची. नवरा गेल्यावर ती शहरात आली. मुलगा येडू मात्र अजून कळप घेऊन कानडी मुलखाकडे फिरायचा. म्हातारीच्या हाताला गुण होता. हळकुंड, वेखंड, जायफळ, मुरडशेंग, एकेक घेऊन ती दुधात माझ्यावर उगाळायची. एकदा गोल फिरवलं की एक वेढा. पोट फुगलं तर वेखंडाचा वेढा जास्त, झोप नसेल तर जायफळाचा. साऱ्या चाळीतल्या आया बाळं घेऊन तिच्याकडे यायच्या. किती पिढ्यांची पोटं मी राखली म्हणून सांगू! माझ्या पाठीला जो खळगा पडला आहे, तो अशा कामाने पडला. मला त्याचा अभिमान होता, अजूनही थोडा आहे.

चाळीतल्या पुष्कळ बायका विडीच्या कारखान्यात जात. तान्ही मुलं बरोबर न्यायची आणि कोपऱ्यात झोळीत टाकायची. मूल रडलं की आईचा हात थांबे, आणि हात थांबला की मुकादम ओरडे. मग एक जुनी युक्ती होती. अफूचा कणभर वेढा गुटीत दिला की मूल दिवसभर गप्प पडून राही. शेजारी आप्पा नावाचे म्हातारे विणकर होते. त्यांना अफूची जुनी सवय, म्हणून सरकारचा परवाना होता. बायका त्यांच्याकडून कणभर मागून नेत. वाईट कुणालाच वाटत नसे. सगळ्यांच्याच आयांनी तेच केलेलं.

एकदा अक्कम्मा तो काळा कण घेऊन आमच्या दारात आली. अक्कम्मा पलीकडच्या खोलीतली, घरी तेलुगू बोलणारी, विड्या वळण्यात पटाईत. म्हाळसाबाईने मला पदराखाली झाकलं.

"माज्या सहाणीवर काळं चडायचं न्हाय," ती म्हणाली. "पोर रडतंय म्हंजे कायतरी सांगतंय की. त्याचं त्वांड बंद कराया मी बसली न्हाय हितं."

संध्याकाळी आप्पा आणि आबासाहेब ओट्यावर बसत. आबासाहेब म्हणजे पेन्शनीतले जमादार, मिशी अजून नोकरीत असल्यासारखी. दोघांचं रोज एकाच विषयावर वाजायचं.

"परवाने-बिरवाने सगळे बंद केले पाहिजेत," आबासाहेब म्हणत. "चार दिवस आत बसवा, आपोआप सुटेल."

"सुटंल कशाचं? चोरून यील," आप्पा म्हणत. "सरकारी दुकानात निदान चोख तरी मिळती. चोराच्या मालाला कोन जामीन?"

मी खिडकीत वाळत पडलेली असे. दोघांचंही मला पटायचं. ऐकणाऱ्याचं असंच होतं.

दुष्काळ सरला, त्या हिवाळ्यात म्हाळसाबाई गेली. मागोमाग आप्पाही गेले आणि त्यांचा परवाना त्यांच्याबरोबर संपला. घरात राहिल्या म्हाळसाबाईची सून फुलाबाई आणि तिची दात येऊ लागलेली मुलगी मुक्ता. येडू कळपामागे. फुलाबाई विडीच्या कारखान्यात जाऊ लागली.

मुक्ताचं रडणं म्हणजे काय सांगू! खणखणीत. समोरच्या खोलीतली माणसं कानात बोटं घालत. मला ते आवडायचं. पण मुकादमाने फुलाबाईला बजावलं, "पोर गप ठेव, न्हाईतर उद्यापास्नं येऊ नगंस."

त्या दिवशी घरी येऊन फुलाबाई पोरीला छातीशी धरून रडली. मग तिने अक्कम्माला विचारलं, "तू काय देतीस गं?"

आता आप्पा नव्हते. होटगीकडून एक माणूस यायचा, त्याच्याकडून अक्कम्मा घ्यायची. पळसाच्या पानात गुंडाळलेली काळी गोळी. फुलाबाईने माझ्यावर पहिला काळा वेढा दिला, तेव्हा मला म्हाळसाबाईचा पदर आठवला. पण ती गोळी कसली, लबाडीच होती. निम्मा कात, निम्मा गूळ, नावाला अफू. उगाळताना किरकिर वाजायची. एका वेढ्याने मुक्ता डुलकीसुद्धा घेईना. म्हणून फुलाबाईने दोन केले, मग तीन, मग आणखी. मूल गप्प राहू लागलं आणि तिच्या हाताला तेवढ्याच वेढ्यांची सवय लागली. सवयीला डोळे नसतात, मित्रांनो.

पुढे पोलिसांनी स्टेशनवर अफूचं एक गाठोडं पकडलं. आबासाहेबांनी चाळीत पेढे वाटले. होटगीचा माणूस यायचा बंद झाला, आणि थोड्याच दिवसांत त्याच्या जागी दुसरा आला. पान तेच, गोळी तेवढीच, रंगही तोच.

अशाच एका सकाळी कामाचा भोंगा झाला होता. मुक्ता हिरड्यांनी मूठ चावत रडत होती. फुलाबाई घाईघाईने बसली आणि तिने गोळी माझ्यावर टेकवली.

पहिल्याच वेढ्याला मला कळलं. किरकिर नव्हती. गोळी लोण्यासारखी फिरली आणि वास असा उग्र आला, की आप्पांच्या अफूच्या डबीलाही तसा नव्हता. हा माल चोख होता. एक वेढाच फार होता. फुलाबाईने दुसरा दिला, तिसरा दिला. मी मनात आक्रोश करत होते, अगं थांब, बाई, थांब! वाटलं, निदान तडकून दोन तुकडे व्हावं, म्हणजे ती दचकेल तरी. पण मी कुळाचा दगड. तडकलेसुद्धा नाही.

तिने नेहमीइतके वेढे दिले, बोट फिरवून सगळं निपटलं आणि पोरीला चाटवलं. "गुनाची गं माजी बाय," म्हणाली, पापा घेतला आणि झोळी खांद्याला लावून निघाली.

पुढचं मी अक्कम्माच्या तोंडून ऐकलं. ती दारात उभी राहून बायकांना सांगत होती. "अय्यो, दिवसभर पोर हलली न्हाय की गं! आमी समद्या म्हनलो, आज लई शानी झाली मुक्ता. मुकादम पन म्हनला, अशी पोरं पायजेत. सांजंला पाजायला घेतली तर अंग गार!"

फुलाबाई आत बसली होती. मांडीवर मुक्ता. ती पोरीच्या तळपायाला टिचक्या मारत होती. "रड की गं. एकदा रड. आता कोन बी रागवायचं न्हाय."

बाहेर ओट्यावर माणसं जमली. आबासाहेब डोळे पुसत म्हणाले, "मी ओरडून सांगत होतो, बंदी अजून कडक पाहिजे." कुणीतरी म्हणालं, "आप्पांचं खरं झालं. दुकानातला माल असता तर असं झालं नसतं." आवाज चढत गेले. बंदी, दुकान, परवाना, पोलीस.

तेव्हा फुलाबाई पोरीला घेऊन दारात आली.

"दुकान चालू ठेवा, न्हाईतर बंद करा," ती म्हणाली. "मी कारखान्यात जाताना माजी पोर कोन घिऊन बसलं असतं, त्ये सांगा की."

माणसं एकेक करून ओट्यावरून उतरली.

फुलाबाईने मला राखेने घासलं. पुन्हा घासलं. फेकून द्यायला तिचा हात होईना, कारण मी सासूची. घरात ठेवायलाही होईना. म्हणून मी दाराशी आले. काही दिवसांनी ती पुन्हा कारखान्यात जाऊ लागली. पोट थांबत नाही.

चाळीत अजून मुलं जन्मतात, अजून पळसाची पानं येतात. सकाळी भोंग्याच्या आधी या खोलीतून, त्या खोलीतून रडणी ऐकू येतात. लोक वैतागतात. मी मात्र एकेक रडणं मोजून घेते आणि मला बरं वाटतं. म्हाळसाबाई म्हणायची तसं, पोर काहीतरी सांगत असतं.

पण कधी एखाद्या खोलीतलं रडणं मध्येच तुटतं. मग कितीतरी वेळ काहीच ऐकू येत नाही. मित्रांनो, तुम्हाला माझ्याबद्दल थोडी जरी माया वाटली असेल, तर मला उचलून देव्हाऱ्यात ठेवू नका. तेवढं त्या खोलीत जाऊन बघून या. मला उठता येत नाही.