ट्रॅक्टरची किल्ली

धुळ्याचे मगननाना आपल्या लेकीसाठी, भाविकासाठी ललितला बघायला आले, तेव्हा ललितच्या वडिलांनी, सुपडूआबांनी पाहुण्यांना थेट शेतातच नेलं. कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजली गेली, भरितासोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी झाल्या. भाविकाच्या आजीनं तर दोनदा मागून घेतलं. सोयरीक जमल्यातच जमा होती.

परतायला सगळे ट्रॉलीत चढले आणि ललित पंपाच्या खोलीमागून आला. त्याची वहिनी दीपमाला शाळेत विज्ञान शिकवायची. तो शेजारून गेला तसा तिला दारूचा वास आला. तिनं ट्रॅक्टरची किल्ली काढून घेतली.

"वहिनी, किल्ली द्या."

"किती घेतली?"

"थोडीशीच. भरितानं उतरलीपण." तो हसला. "आणि ट्रॅक्टरवाल्याला कोण फुंकायला लावतं हो?"

"कायद्याला ट्रॅक्टरही गाडीच आहे, ललितभाऊ. शंभर मिली रक्तात तीस मिलिग्रॅमच्या वर सापडली की गुन्हा. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर दहा हजार दंड, किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर दोन वर्षांपर्यंत. लायसनवर गदा येते ती वेगळीच. आणि भरितानं रक्तातली दारू उतरत नाही."

"शाळेत शिकवा हे! इथं माझं लग्न मोडतंय."

"सूनबाई, पाहुण्यांसमोर कशाला?" आबा हलक्या आवाजात म्हणाले. "दे किल्ली. गावातच तर जायचंय."

"मध्ये हायवे ओलांडायचाय, आबा."

ट्रॅक्टर चालवणारं दुसरं कोणी नव्हतं. दीपमालाचा नवरा केळीची गाडी भरायला गेला होता. मग मगननाना खाली उतरले. "चाला, बठ्ठा पायी जाऊत." त्यांच्यामागं सगळेच उतरून चालत निघाले.

हायवेच्या कडेला सगळे थांबले. केळीनं भरलेले ट्रक धडधडत जात होते. आजीनं दीपमालाचा दंड घट्ट धरला, तो पार पलीकडे जाईपर्यंत सोडला नाही.

त्यानंतर धुळ्याहून निरोप येईना. दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर घरी आणायला ललितनं किल्ली नेली, ती स्वतःकडेच ठेवली; वहिनीच्या हातचा चहाही घेईना. तासाला फळ्याकडे वळली की दीपमालाच्या मनात यायचं, थोडं बाजूला घेऊन सांगता आलं असतं का? आलं असतं कदाचित. पण किल्ली तर काढावीच लागली असती.

एका संध्याकाळी ललित फोन घेऊन स्वयंपाकघरात आला. "भाविका आहे. तुमच्याशी बोलायचं म्हणते."

"ताई, आमची आजी रोज तुमचंच नाव घेते," पलीकडून आवाज आला. "म्हणते, त्या घरात गाडी अडवणारी बाई आहे, तिथं पोरगी एकटी पडणार नाही. पण मी लगेच हो म्हणणार नाही. यांनी आखाजीच्या सणापर्यंत न पिता दाखवावं, मग बघू. आणि तुम्ही खरं सांगायचं."

"सांगेन," दीपमाला म्हणाली. "आणि आजींना म्हणावं, तुम्ही खाली उतरून चाललात, तुमचे उपकार आहेत माझ्यावर."

फोन ठेवल्यावरही ललित तिथंच घुटमळला.

"ते ट्रक बघितले ना त्या दिवशी," तो म्हणाला, "माझ्या ट्रॉलीत आजी होती, बायका होत्या..." त्यानं खिशातून किल्ली काढली, मिसळणाच्या डब्याच्या वर भिंतीत असलेल्या खिळ्याला अडकवली आणि पाटावर बसला.

"वहिनी, चहा टाका ना. आलं जास्त घाला."

दीपमालानं मान वळवून डोळे पुसले आणि पातेलं चढवलं.