बोरामचे तीन किलो

मी एक जुना, सुईचा वजनकाटा आहे. मित्रांनो, आयुष्यात मी एकदाही खोटा आकडा दाखवलेला नाही. हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण कोरियातल्या सोल शहराच्या एका तळघरात माझ्यावर नेमका तोच आरोप झाला.

माझा जन्म इंचॉनच्या कारखान्यातला, पण उमेदीची वर्षं गेली ती एका सार्वजनिक स्नानगृहात. बायका गरम पाण्यातून लालबुंद होऊन यायच्या, माझ्यावर उभ्या राहायच्या, मला दोन शिव्या द्यायच्या आणि उकडलेली अंडी सोलायला बसायच्या. तिथे कपडाच नाही, तर खिसा कुठला? लपवायला कुणाजवळ काही नसे. अंग चोळून देणाऱ्या ओकबुन मावशी रोज माझी काच पुसत म्हणायच्या, "इथं खरं बोलणारा तू एकटाच रे बाबा."

पुढे स्नानगृह बंद पडलं आणि ते तळघर गाण्या-नाचाच्या एका कंपनीने घेतलं. हौद बुजले, भिंतींना आरसे लागले. जागेबरोबर दोन जुन्या वस्तू कंपनीच्या वाट्याला आल्या: मी, आणि झाडलोट करायला मावशी.

इथे माझी प्रतिष्ठा एकदम वाढली. दर सोमवारी सकाळी शिकाऊ मुली माझ्यापुढे रांग लावत आणि संचालक प्यो साहेब माझे आकडे फळ्यावर लिहीत. गाण्याच्या मास्तरांचं मत फळ्यावर कधी लिहिलेलं मी पाहिलं नाही. मुली केसातल्या पिना काढून, श्वास सोडून माझ्यावर चढत. श्वासाला वजन असतं, अशी तिथे समजूत होती.

त्यातली बोराम वीस वर्षांची, सोक्चो बंदरातली. आई सुके मासे विकायची. पाच वर्षांच्या तालमीनंतर नव्या गटासाठी पाच मुली निवडल्या, त्यात ती होती. गटाची घोषणा व्हायच्या आधीच तिच्या गावच्या व्यापाऱ्यांनी बाजारात फ्लेक्स लावला: 'आमच्या सोक्चोची लेक बोराम!' आईने त्याचा फोटो पाठवला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बोरामनेही वाजवल्या.

नियम सोपा होता. सलग तीन सोमवार अठ्ठेचाळीसच्या वर भरलं, की नाव कापलं. बोराम कायम सत्तेचाळीसची. पण निवडीनंतरच्या पहिल्या सोमवारी माझी सुई एकोणपन्नासवर गेली आणि दुसऱ्या सोमवारी पन्नासवर.

"काय गं, फ्लेक्स खाल्लास की काय?" प्यो साहेब म्हणाले.

"रताळं आणि काकडी, साहेब. शपथ."

"माझ्या शेजारी बसून जेवते ती," छेरिन म्हणाली. ती सगळ्यांत मोठी, म्हणून सगळ्यांची ताई. "मी घास मोजलेत तिचे. कुणीतरी मागून काट्यावर पाय दाबतंय."

"मागे तर तूच होतीस," कुणीतरी पुटपुटलं.

त्या दिवसापासून मुली एकमेकींकडे पाठ करून जेवायला लागल्या. प्यो साहेबांनी दहा किलोचं तांदळाचं पोतं माझ्यावर ठेवलं. मी दहा दाखवले. गूढ वाढलं. "ताई, मला वेड लागतंय का गं?" बोराम विचारायची, आणि छेरिन रात्र-रात्र तिचा हात धरून बसायची. मलाही काही उलगडेना. किती ते मी सांगतो. का, ते मला कळत नाही. स्नानगृहात तशी गरजच पडली नव्हती.

तिसऱ्या सोमवारी बोराम सगळ्यांच्या आधी आली. मावशी फरशी पुसत होत्या.

"मोजे काढ."

"जमीन गार आहे, मावशी."

"वीस वर्षं बायकांची अंगं चोळलीत मी. तुझ्या अंगावर मांस चढलेलं नाही. काढ."

लांब मोजे खाली सरकले. दोन्ही घोट्यांना वाळूच्या पट्ट्या होत्या, मुली नाचाच्या सरावाला बांधतात त्या. या आठवड्यातही तीन किलो.

वजन कमी दाखवायच्या सगळ्या युक्त्या कंपनीला पाठ होत्या. कुणाला ते जास्त दाखवायचं असेल, हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. माझ्याही.

"अगं, जायचंय तर तोंडाने सांग की!"

"आई रोज तो फ्लेक्स पुसते, मावशी. मी सोडून आले म्हटलं तर तिने तोंड कसं दाखवायचं? काट्याने काढलं म्हटलं की कुणाचाच दोष नाही."

"कुणाचाच कसा? या बिचाऱ्याचा नाही का?" मावशींनी माझ्या काचेवर टिचकी मारली. "आणि त्या छेरिनचा?"

बोरामने खाली वाकून दोन्ही पट्ट्या सोडल्या.

नऊ वाजता ती अनवाणी माझ्यावर चढली. सत्तेचाळीस.

"शाबास!" प्यो साहेब म्हणाले. "मनात आणलं की होतं. नाव पक्कं!"

बोराम उतरली नाही. माझी सुई थरथरत होती.

"साहेब, मला घरी जायचंय. ते वजन माझंच होतं. मीच बांधत होते."

प्यो साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हा काटा बिघडलाय," ते म्हणाले. "नवा मागवा."

छेरिन मात्र धावत आली. "आठवडाभर माझ्या पायाच्या अंगठ्यावर संशय होता, भवाने!" असं ओरडत तिने बोरामला मिठी मारली. दोघी माझ्यावरच उभ्या होत्या. पंच्याण्णव. ते कुणी फळ्यावर लिहिलं नाही.

मला भंगारात काढलं, तेव्हा मावशींनी चादरीत गुंडाळून बोरामबरोबर बसमध्ये चढवलं. सोक्चोच्या बाजारात आई उभी होती. लेकीला पाहून तिने एकच विचारलं, "जेवलीस का?"

हल्ली मी सुके मासे तोलतो. इथे आकडा वाढला की सगळे खूश होतात. पाऊस आला की आई माझ्यावर त्याच फ्लेक्सचा तुकडा टाकते. 'लेक बोराम' एवढी अक्षरं त्यावर अजून वाचता येतात.

मित्रांनो, माझी काच पुसली नाहीत तरी चालेल. पण कुणी काट्यावर उभं असेल, तर आकडा वाचून झाल्यावर एकदा मान वर करा. तिथे माणसाचं तोंड असतं. ते मला दिसत नाही, तुम्हाला दिसतं.