कुंथुनाथ अण्णांची गच्ची

सीमेच्या अलीकडचं आमचं विद्यापीठ आणि पलीकडचं त्यांचं, दोघांनी मिळून उपग्रह बनवला, तोवर सगळं गोड होतं. त्याचे संदेश पकडणारा अँटेना कुणाच्या छतावर बसवायचा यावरून मात्र आम्ही असे भांडलो की सीमाप्रश्न परवडला. शेवटी मधलं निपाणी ठरलं. कुंथुनाथ अण्णांनी आपल्या तंबाखूच्या गोदामाची गच्ची दिली आणि भाड्याचं नावही काढलं नाही.

उपग्रह चपलांच्या खोक्याएवढा. त्याचा ट्रान्समीटर आमच्या आरोहीनं, खानापूरकडच्या एम.एस्सी.च्या पोरीनं, जुळवलेला. तो सुखरूप वर गेला, पण दोन संध्याकाळी निपाणीवरून गेला तरी रेडिओत नुसती खरखर. दिवसा तपासावं तर रेडिओ स्वच्छ. आज आवाज आला नाही तर उपग्रह मेला असं जाहीर करायचं, असं दोन्ही विद्यापीठांनी कळवलं. त्यांचं पहिल्यांदाच एकमत झालं आणि तेही यावर. आपलंच काहीतरी चुकलं म्हणून आरोही जेवायची बंद झाली होती. माझा तर तिच्यापेक्षा जास्त जीव जळत होता.

दिवस मावळला. मांडववाल्याकडून आणलेले मोठे एलईडी दिवे मी रोजच्यासारखे लावले. पलीकडच्या विद्यापीठाचे श्रेयस सर अँटेना फिरवू लागले. तेवढ्यात अण्णा वर आले. आधीच्या दोन्ही संध्याकाळी ते जैन मुनींच्या प्रवचनाला स्तवनिधीला होते. दिव्यांखाली पावसाळी किड्यांचा सडा पडलेला बघून त्यांचा चेहरा उतरला.

"बाई, चातुर्मास हाय. माझ्या गच्चीवर एवढं जीव मरत्यात, मला बघवत न्हाय. दिवं बंद करा."

माझं डोकंच फिरलं. उपग्रह डोक्यावर यायला आलाय आणि तुम्हाला किड्यांचं पडलंय, असं मी त्यांना तोंडावर बोलले. ते सरळ गेले आणि मेनचा खटका खाली केला.

गच्ची अंधारली. रेडिओची खरखर त्याच क्षणी थांबली. रेडिओ बॅटरीवर चालूच होता, आणि त्यातून बारीक, नीट, एकामागून एक टिपटिप येऊ लागली.

खरखर माझ्याच दिव्यांची होती. इलेक्ट्रॉनिक्स शिकवणाऱ्या बाईला हे सुचू नये, याची लाज वाटायलाही मला तेव्हा सवड नव्हती. लॅपटॉपवर आकडे उमटत होते: बॅटरी ठीक, तापमान ठीक. श्रेयस सरांनी मला चक्क मिठी मारली. आरोही मटकन खाली बसून रडायला लागली.

"जित्तं हाय न्हवं?" अण्णांनी तिला विचारलं.

"व्हय, अण्णा. जित्तं हाय."

मी अण्णांच्या पाया पडले. जिन्यावर त्यांना दिसावं म्हणून मोबाइलची बॅटरी लावायला गेले, तर नको म्हणाले, कठडा धरून उतरले. आम्ही तिथंच अंधारात थांबलो. दोन्ही विद्यापीठांचं लेकरू डोक्यावरून बोलत चाललं होतं, आणि दिवा लावायचं कुणाच्या मनातही आलं नाही.