डोळ्याचं औषध

कोकिळा ताटलीत हात घालायला जायची तर हात जमिनीवर पडायचा. हे फक्त दिवेलागणीनंतर व्हायचं. दिवसा ती अंगणात कोंबडीच्या पिलांमागे नीट पळायची.

"मोठमाय, मन्ही ताटली कोठे शे?"

"समोर त शे. लाडमा उनी शे नुसती!" आजी रुक्मिणीबाई हसून म्हणायची आणि नातीचा हात धरून भाकरीवर ठेवायची.

कोकिळेची आई रंजना मात्र हसली नाही. तिच्या माहेरी अशी एक चुलती होती. संध्याकाळ झाली की ती भिंत धरून चालायची.

त्यानंतर होळीच्या सुमारास कोकिळेला गोवर निघाला. कळसाडी गावात त्या वर्षी घरोघर गोवर होता. गोवर म्हणजे घरात देवी पाहुणी आलेली, तेव्हा फोडणी बंद, तूप बंद, दूध बंद. दारात दोन म्हशी असून कोकिळेच्या वाट्याला ज्वारीची पातळ पेज तेवढी आली. पुरळ गेलं तर हगवण लागली. पालेभाजीनं हगवण वाढते म्हणून तीही बंद. रुक्मिणीबाईने यात काही दुष्टपणानं केलं नाही. अशाच गोवरात तिचे दोन नातू गेले होते. ही तिसरी तरी राहावी म्हणून ती स्वतः एक वेळ जेवत होती आणि अनवाणी देवीला जात होती.

पोरीची हाडं वर आली. मग ती उजेडात डोळेच उघडेना. कुशीत तोंड खुपसून पडून राहायची.

त्याच आठवड्यात सरकारी नर्सबाई देवीची लस टोचायला चावडीवर आल्या. रंजना पोरीला पदराखाली घेऊन गेली. बाईंनी टोचायचं सोडून पापणी हलकेच उचलली, मग दुसरीही उचलून पाहिली.

"अंधारात हिला दिसत नव्हतं का?"

"हो बाई. गोवराच्या आधीपासून."

"डोळा कोरडा पडलाय. पोटात सकस काही नाही म्हणून डोळा सुकतो. आता बुबुळ मऊ पडायला लागलं तर फार पटकन जातं." त्यांनी पेटीतून तपकिरी बाटली काढली. "हे तोंडानं द्यायचं. सकाळ-संध्याकाळ, चमचाभर. दूध, शेवग्याचा पाला, पपई, सगळं चालू करा. पण पाल्यानं आज भागायचं नाही, आज हेच पाहिजे. डोळा पांढरा दिसला तर तशीच शहाद्याच्या दवाखान्यात आणा. नाहीतर पुढच्या फेरीला मी येतेच."

रंजनाने बूच उघडलं आणि वास आला.

"बाई, हे कशाचं?"

"माशाचं तेल आहे." बाईंनी तिच्या गळ्यातली तुळशीची माळ पाहिली. "औषध आहे, बाई. औषधाला विटाळ नसतो."

पण तो वास पदरात लपणारा नव्हता. रुक्मिणीबाईने उंबऱ्यातच अडवलं.

"हाई कसानं तेल शे वं?"

रंजनाने बाटली पुढे केली. सासूने बाटली नाकाशी नेली आणि झटक्यात दूर धरली.

"मन्हा चुल्हावर आजलगून मासा चढना नही. आते पोरना तोंडमा घालू?"

"आई, पोर आंधयी व्हई जाई!"

"देवी आत्तेच पोरले सोडी गयी. घरमा मासा उना त ती परत ई. मंग पोरच ऱ्हावाव नही. तुले डोया पाह्यजे का पोर?"

 गोवरात गेलेली दोन पोरं रंजनाही विसरली नव्हती.

रंजनाचा नवरा मगन शेतातून आला तेव्हा दोघी ओट्यावर दोन टोकांना बसल्या होत्या. त्याला भांडण नको होतं. तो म्हणाला, "डोयानी दवा शे ना? मंग डोयामा टाका. पोटना काय संबंध?"

रुक्मिणीबाईने विचार केला. "भायेरथून लावाले मना नही. मंग आंग धोई टाकसू."

"बाईनी तोंडथून देवाले सांगेल शे," रंजना म्हणाली.

"बाईले काय कयस आपला घरनं?" मगन म्हणाला आणि हातपाय धुवायला गेला. त्याच्या मते तंटा मिटला होता.

सासूने खरंच कसूर केली नाही. त्या वासानं तिला उमासे यायचे, तरी नाकाला पदर बांधून ती पोरीचं डोकं मांडीवर घ्यायची. कापसाच्या बोळ्यानं दोन्ही डोळ्यांत तेल पिळायची आणि मग स्वतः विहिरीवर जाऊन अंघोळ करायची. एकदा रंजनाने लपून चमचा पोरीच्या तोंडाला लावला. सासूला पोरीच्या श्वासाचा वास आला. तेव्हापासून बाटली सासूच्या उशाशी गेली.

कोरडे डोळे तेलानं ओले दिसू लागले.

"देख, डोया कशा चमकी ऱ्हायनात!" रुक्मिणीबाई शेजारणींना बोलावून दाखवू लागली. "आते रडत बी नही."

खरंच, पोर उजेडाला रडायची थांबली होती. रंजना दोन्ही म्हशींचं दूध आणि पपई भरवत होती, सासू आता नको म्हणत नव्हती. पण पोरीच्या पोटात काही ठरत नव्हतं.

नर्सबाई परत आल्या तेव्हा रुक्मिणीबाई स्वतः नातीला कडेवर घेऊन गेली, कौतुकानं. बाईंनी ओल्या कापडानं तेल पुसलं. उजव्या डोळ्याचं बुबुळ खचून गेलं होतं. डाव्यावर पांढुरका पडदा होता.

"तोंडानं किती गेलं?"

 मागोमाग आलेल्या रंजनाने सासूच्या हातातल्या बाटलीकडे पाहिलं. ती अर्धीअधिक भरलेली होती.

"डोयामा टाकं ना, बाई," रुक्मिणीबाई म्हणाली. "रोज टाकं. एक येळ चुकनी नही."

नर्सबाईंनी बाटली घेतली, तिथंच चमचा भरला आणि कोकिळेच्या तोंडात ओतला. पोरीनं ओकून टाकला. बाईंनी पुन्हा भरला. या वेळी रुक्मिणीबाईने पोरीची हनुवटी घट्ट धरली. थोडं तेल तिच्याच बोटांवरून ओघळलं. तिनं ते पुसलं नाही.

"उद्याच शहाद्याला न्या," बाई म्हणाल्या. "डाव्यात उजेडाची तिरीप राहिली तर बघू."

त्या संध्याकाळी मगन बैलगाडीला वंगण घालत होता. रुक्मिणीबाई कंदील पेटवून पोरीजवळ आली. काच पोरीच्या तोंडासमोर धरली, डाव्या बाजूला नेली, जवळ आणली, इतकी की ऊब लागून कोकिळेनं मान वळवली.

"मोठमाय," ती म्हणाली, "दिवा लाव ना."

रुक्मिणीबाईने कंदिलाची वात वर केली. अजून वर केली. काच काळी पडू लागली.

"लावस माय," ती म्हणाली. "आतेच लावस."